मुरूम रस्त्यावर शोभतो, गालावर नाही!

उद्या कॉलेजचं गॅदरिंग आणि आज नाकाच्या शेंड्यावर लालबुंद पुळी! टायमिंग बघा पठ्ठीचं!

मग घरात पंचायत बसते. आजी म्हणते, उष्णता वाढली. आई म्हणते, तळकट बंद कर. मैत्रीण म्हणते, टूथपेस्ट लाव. मेडिकलवाला न विचारता एक ट्यूब पुढे सरकवतो. आरोपी भरपूर, पुरावा कुणाकडेच नाही!

तर मंडळी, आज खरे आरोपी पकडायचे. त्यासाठी लांब जायला नको. साखर, दूध, लिंबू, रणगाडे, कुस्ती… अहिल्यानगर जिल्ह्यात जे जे फेमस आहे, त्याच्या आसपास मुरमांची एखादी भन्नाट गोष्ट हमखास सापडते. आणि क्षेत्रफळात महाराष्ट्रातला नंबर एकचा जिल्हा, चौदा तालुके, म्हणजे फिरायला जागाही भरपूर. बसा गाडीत, डबल बेल झाली!

तुम्ही एकटे नाही, बॉस!

माहीत आहे का? १२ ते २४ या वयात सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमी-जास्त मुरूम येतातच. जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ९.४ टक्के आहे आणि जगातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांच्या यादीत मुरमांचा नंबर आठवा लागतो. वर्गात साठ मुलं असतील, तर ज्याला एकही पुळी आली नाही तोच खरा दुर्मिळ!

गँग चौघांची

मुरूम एकट्यादुकट्याचं काम नाही. पहिला आरोपी जास्तीचं तेल. दुसरा, केसाच्या मुळाशी साचलेल्या मृत पेशींचं बूच. तिसरा, आत अडकलेल्या तेलावर ताव मारणारे बॅक्टेरिया. आणि चौथी, या सगळ्यावर शरीराने दिलेली गरमागरम प्रतिक्रिया, म्हणजे सूज. लाली, ठणका, पू, हा सगळा चौथ्या नंबरचा प्रताप. या यादीत ‘अस्वच्छपणा’ कुठे दिसला का? नाही ना? मग पुढे चला.

तेलासाठी जीव देणाऱ्या पेशी

माहीत आहे का? त्वचेतल्या तेलग्रंथींच्या पेशी तेल नुसतं बाहेर सोडत नाहीत. त्या तेलाने टम्म भरतात, फुटतात आणि मरतात. पेशीचा तो सगळा ऐवज म्हणजेच त्वचेचं तेल! चेहऱ्यावर दर चौरस सेंटीमीटरला अशा ४०० ते ९०० ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांच्यावर मात्र शून्य. म्हणून तर तळहातावर मुरूम आल्याची तक्रार घेऊन कुणी जात नाही!

काळं दिसतं म्हणून मळ नाही

ब्लॅकहेड बघून खसाखसा घासणाऱ्यांनी जरा थांबा. तो काळा ठिपका म्हणजे धूळ नाही. छिद्रात अडकलेल्या बुचातलं मेलॅनिन आणि हवा लागून बदललेलं तेल यांचा तो रंग. बुचाचं तोंड उघडं असेल तर ब्लॅकहेड, वर त्वचेचं झाकण असेल तर व्हाइटहेड. आतला माल एकच! दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. दगडासारखा स्क्रब घासला तर सूज वाढते आणि मुरूम आणखी चिडतात.

नाव बदललं बरं का!

अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. पण माहीत आहे का? मुरमांच्या बॅक्टेरियाने आपलं नाव त्याच्या आठ वर्षं आधीच बदलून घेतलं! २०१६ पर्यंत तो होता प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नेस, आता आहे क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस. तो तुमच्या, माझ्या, अगदी तुकतुकीत चेहऱ्याच्या हिरोइनच्याही त्वचेवर राहतो. म्हणूनच मुरूम शिवून पसरत नाहीत. मुरूम असलेल्या मित्राशी बिनधास्त हात मिळवा!

शिंगणापूरसारखीच बिनदाराची

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर बिनदारांच्या घरांसाठी जगप्रसिद्ध. तुमच्या त्वचेची छिद्रंही तशीच, बिनदाराची! वाफ घेतली की छिद्रं उघडतात आणि बर्फ लावला की बंद होतात, हे ऐकलंय ना? छिद्राभोवती उघडझाप करणारा स्नायूच नाही. वाफेने वरचं तेल सैल होतं, बर्फाने सूज थोडा वेळ उतरते, एवढंच. जास्त गरम वाफेने चेहरा भाजतो, तो बोनस नको.

कालची भेळ निर्दोष आहे!

आज पुळी आली, म्हणून काल संध्याकाळी खाल्लेल्या भेळेवर खटला भरू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म बुचापासून ठसठशीत मुरूम होईपर्यंत साधारण आठ आठवडे जातात. आज दिसतोय तो मुरूम दोन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेला असतो. म्हणूनच ‘दोन दिवसांत मुरूम गायब’ म्हणणारी रील दिसली की अंगठा वर सरकवा!

१९४१ चा मोठा क्लू

मुरूम वयात आल्यावरच का येतात? जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९४१ मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडलं. वयात येण्याआधीच ज्यांच्या शरीरातून पुरुषी हार्मोनचा पुरवठा बंद झाला होता, अशांना मुरूम येत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र आले! हे हार्मोन तेलग्रंथींना ‘चालू पडा’ म्हणून ऑर्डर सोडतं. आणि हो, ते थोड्या प्रमाणात मुलींच्या शरीरातही असतं. म्हणून सुटका कुणाचीच नाही.

बारशाआधीच पुटकुळ्या

माहीत आहे का? साधारण पाचातल्या एका तान्ह्या बाळालाही मुरूम येतात! गालावर, कपाळावर बारीक बारीक. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते आपोआप जातात. काही चोपडू नका, चोळू नका, डाळीचं पीठ तर मुळीच घासू नका. कोमट पाणी आणि आजीचा पापा, बास!

आईबाबांकडून आलेली इस्टेट

जमीन वाटून मिळते, मुरूम न वाटता मिळतात! ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून २००२ मध्ये निष्कर्ष निघाला की, कुणाला मुरूम येतात आणि कुणाला नाही, यातला ८१ टक्के फरक जनुकांमुळे पडतो. ‘माझ्या वेळी असलं काही नव्हतं’ असं बाबा म्हणाले, तर त्यांचे कॉलेजचे फोटो काढा बाहेर. केस तिथेच क्लोज!

लोणीची साखर, गालाचा कारभार

राहाता तालुक्यातलं लोणी-प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आशियातला पहिला समजला जाणारा सहकारी साखर कारखाना इथे १९५० मध्ये सुरू झाला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं मार्गदर्शन लाभलं आणि जिल्ह्याचं नशीब गोड झालं.

पण साखर गालाशी गोड वागत नाही. साखर आणि मैदा रक्तात झपकन उतरतात, इन्सुलिन उसळतं, त्याच्यामागून तेलग्रंथींना चेव आणणारे घटक वाढतात. ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर हळू वाढवणारं जेवण घेणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. म्हणजे ऊस पिकवा दणकून, पण चहात साखर जपून!

जिथे मुरूमच नाहीत!

असं एखादं गाव असेल का हो? आहे! पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावर संशोधकांनी १,२०० लोक तपासले. त्यात १५ ते २५ वयाचे ३०० जण. मुरूम किती? शून्य! पॅराग्वेतल्या आचे जमातीतही तोच प्रकार. २००२ मध्ये ही माहिती छापून आली आणि त्वचेच्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. कितावाचा मेनू होता कंदमुळं, फळं, मासे, नारळ. पाकीटबंद बिस्किटं आणि कोल्ड्रिंक नव्हतं. जनुकांचाही वाटा असणारच, पण ताटाकडे बोट दाखवणारा हा मोठा पुरावा ठरला.

चॉकलेटचा पैसा, चॉकलेटचा निकाल

चॉकलेटने मुरूम येतात का? १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना काही आठवडे चॉकलेटचे बार दिले, मग दिसायला तसेच पण चॉकलेट नसलेले बार दिले. निकाल लागला, ‘फरक नाही!’ पण त्या दुसऱ्या बारमध्येही साखर आणि चरबी भरपूर होती. आणि प्रयोगाला पैसा कुणाचा? चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा! हा निकाल पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत मिरवला. निकाल वाचताना देणगीदाराचं नावही वाचा, हा धडा मात्र फुकटात मिळाला.

संगमनेरचं दूध आणि ४७ हजार नर्स

जिल्ह्यात दुधाचा महापूर! संगमनेरपासून श्रीगोंद्यापर्यंत सकाळ उजाडते ती डेअरीच्या कॅनच्या खणखणाटाने. राज्याच्या दूध उत्पादनात आपला जिल्हा आघाडीवर. आता धक्का घ्या. अमेरिकेतल्या ४७,३५५ नर्सना शाळकरी वयातला आहार विचारला गेला. दूध जास्त पिणाऱ्यांमध्ये मुरूम जास्त दिसले आणि सर्वांत जास्त संबंध कुठल्या दुधाचा? साय काढलेल्या स्किम दुधाचा! २००५ चा हा अभ्यास फक्त संबंध दाखवतो, दूधच दोषी असा शिक्का मारत नाही. त्यामुळे म्हैस विकायला काढू नका. मुरूम फारच असतील तर डॉक्टरांना विचारून दूध कमी करून बघा, बस्स.

अकोल्याची बीजमाता, ताटाची डॉक्टर

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढता त्यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंतच्या गावठी वाणांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुरमांशी काय संबंध? थेट नाही, पण ताट बघा! कडधान्यं, पालेभाज्या, भाकरी. यातला तंतू साखरेला रक्तात धावू देत नाही, चालत पाठवतो. गालासाठी महागड्या सीरमचा शोध घेण्याआधी वालाची उसळ खाऊन बघायला काय हरकत आहे?

पैलवान, डबा तपासा!

२०२५ ची महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरात रंगली आणि गल्लोगल्लीच्या पोरांनी जिमची फी भरली. छान! पण माहीत आहे का? व्हे प्रोटीन सुरू केल्यावर छाती-पाठीवर मुरमांचा फड रंगल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. व्हे म्हणजे दुधाचंच लेकरू. आणि झटपट बॉडीसाठी कुणी ॲनाबॉलिक स्टेरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं, तर तिथून पळ काढा. ते पुरुषी हार्मोनचंच भावंड. मुरूम तर येतीलच, लिव्हर आणि हृदयही चीतपट होईल.

श्रीगोंद्याचं लिंबू सरबतात, चेहऱ्यावर नको

श्रीगोंद्याच्या लिंबांचा आंबटपणा लाजवाब! पण तो ग्लासातच राहू द्या. त्वचेचा पीएच साधारण पाच, लिंबाचा साधारण दोन. फरक तीनचा वाटतो? पीएचच्या गणितात तीन पायऱ्या म्हणजे हजारपट आम्ल! वर कागदी लिंबाचा रस लावून उन्हात गेलात, तर त्वचा भाजून काळे चट्टे पडतात. टूथपेस्टचीही तीच गत. ती दातांसाठी बनली आहे, गालावर जळजळच करते.

चपचपीत चंपीचा फटका

माहीत आहे का? कुठलं तेल छिद्रं बुजवतं हे ठरवण्यासाठी अनेक वर्षं सशाच्या कानाचा वापर झाला! त्या चाचण्यांत खोबरेल तेलाचा नंबर बराच वर लागला. केसांना लावायला ते उत्तमच, पण कपाळावर ओघळलं की बूच पक्कं. अमेरिकेत १९७० मध्ये डॉक्टरांनी केसांच्या पोमेडमुळे कपाळभर येणाऱ्या मुरमांचं वर्णन केलं आणि ‘पोमेड ॲक्ने’ हे नाव रूढ झालं. उपाय फुकटचा. चंपी करा, केस मागे बांधा, कपाळ पुसा, उशीचा अभ्रा बदला.

रणगाडे, व्हायोलिन आणि स्कार्फ

नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ चं. पोरं तिथे रणगाड्यांपुढे सेल्फी काढतात. सैनिकांचं मुरमांशी जुनं वैर. दुसऱ्या महायुद्धात उष्ण, दमट प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांच्या पाठीवर इतके भयंकर मुरूम उठायचे की त्यांना लढाईच्या कामातून काढावं लागायचं. ऊन, घाम आणि पाठीवर घासणारं ओझं, तिन्ही एकत्र!

घासण्याने येणाऱ्या या प्रकाराला १९७५ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं, ‘ॲक्ने मेकॅनिका’. व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या मानेवर वाद्य टेकतं तिथे असाच खरबरीत डाग उठतो. कोरोनात मास्कखालच्या मुरमांना ‘मास्क्ने’ हे नाव पडलं. आणि आपल्याकडे? मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात स्कूटीवर करकचून बांधलेला स्कार्फ, हेल्मेटचा पट्टा, गालाला चिकटलेला मोबाइल! हेल्मेट सोडायचं नाही हं. आतलं अस्तर आणि स्कार्फ धुवायचा, तोही रोज.

बारावीचा पेपर, गालावर रिझल्ट

१९४७ पासूनच्या अहमदनगर कॉलेजपासून गावोगावच्या ज्युनियर कॉलेजांपर्यंत, फेब्रुवारी उजाडला की दोन गोष्टी वाढतात, झेरॉक्सची गर्दी आणि मुरूम! स्टॅनफर्ड विद्यापीठात २२ विद्यार्थ्यांचे चेहरे एरवी आणि परीक्षेच्या दिवसांत तपासले. ताण वाढला तसे मुरूमही वाढले, असं २००३ च्या अभ्यासाने दाखवलं. जागरण, गोड चहाचे कप आणि नखाने पुळी कुरतडणं, हे तिघे वरून फोडणी देतात. पेपरच्या आदल्या रात्री झोपा, मार्क आणि गाल दोन्ही सुधारतील.

कळसूबाईवर सनस्क्रीन!

१,६४६ मीटर! अकोल्यातलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. ‘उन्हाने मुरूम वाळतात’ असं म्हणत तिथे टोपीशिवाय चढताय? थांबा. जसजसं वर जावं, तसतशी अतिनील किरणं वाढतात. उन्हाने लाली काही काळ झाकली जाते, पण मुरूम गेल्यावर राहणारे तपकिरी डाग आणखी गडद होतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला हे डाग चटकन पडतात. जेल किंवा पातळ सनस्क्रीन घ्या, पाकिटावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असं लिहिलेलं. त्याचा अर्थ, छिद्रं न बुजवणारं.

व्हिटॅमिनही खोडी काढतं!

बी-१२ चं इंजेक्शन घेतलं आणि गालावर पुरळ? हा योगायोग असेलच असं नाही. २०१५ मध्ये दहा निरोगी लोकांना बी-१२ दिलं, तर त्यांच्या त्वचेवरच्या बॅक्टेरियाचं वागणं बदललं आणि एकाला खरंच मुरूम आले. टीबीवरचं आयसोनियाझिड, फिट्सवरची काही औषधं, लिथियम, पोटातून घेतलेली स्टेरॉइड्स यांनीही मुरूम येतात. पण खबरदार! औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. टीबीचा डोस चुकवणं हे मुरमांपेक्षा लाखपट महाग पडतं.

‘लग्न झालं की जातील!’

मुरमांवरचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत फोल उपाय! लग्नाचा आणि मुरमांचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेतल्या एका पाहणीत विशीतल्या निम्म्या आणि तिशीतल्या सुमारे ३५ टक्के बायकांनी मुरूम असल्याचं सांगितलं. पाळीच्या आधी हनुवटीवर पुळ्या येणंही नेहमीचंच. पण मुरमांसोबत पाळी लांबत असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल, तर पीसीओएस या हार्मोनच्या विकाराची शक्यता असते. अशा वेळी स्थळं बघू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट बघा.

चेहरा सांगतो विषाचं गुपित

आता थ्रिलर! २००४ मध्ये युक्रेनचे नेते व्हिक्टर युश्चेन्को यांचा चेहरा काही आठवड्यांत खडबडीत गाठींनी भरला. तपासात निघालं डायॉक्सिनचं विष! या प्रकाराला क्लोरॲक्ने म्हणतात. इटलीतल्या सेव्हेसो इथे १९७६ च्या रासायनिक गळतीनंतर १९३ जणांना तो झाला, त्यात बहुतेक लहान मुलं होती. हा साधा मुरूम नाही, शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा आहे.

मनीमाऊलाही!

माहीत आहे का? मांजरांच्या हनुवटीवरही काळे ठिपके आणि पुळ्या येतात! प्लॅस्टिकच्या वाटीवर संशय घेतला जातो, म्हणून पशुवैद्य स्टीलची किंवा चिनी मातीची वाटी सुचवतात आणि ती रोज घासायला सांगतात. तारुण्यात चेहराभर मुरूम येण्याचा मान मात्र माणसालाच!

तारा तुटला, मुरूम सुटला?

प्राचीन रोमन काळातल्या मार्सेलस नावाच्या लेखकाचा नुस्खा ऐका. तुटता तारा दिसला की तो विझण्याच्या आत फडक्याने चेहरा पुसा, ताऱ्यासारखे मुरूमही गळून पडतील! आपल्या सुश्रुतसंहितेचं निरीक्षण मात्र पक्कं. तिने या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आणि तरुणांच्या चेहऱ्यावर येतात असं स्पष्ट नोंदवलं. दोन हजार वर्षांच्या आसपासचं निरीक्षण, आजही तंतोतंत!

निघोजला जा, खड्डे बघायला!

पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे बघायला लांबून लोक येतात. कुकडी नदीच्या पाण्याने दगडगोटे घुमवत घुमवत खडकात कोरलेले ते खड्डे खरंच सुंदर. गालावरचे कुणालाच नको असतात! रस्त्याच्या खड्ड्यात मुरूम टाकला की खड्डा बुजतो. चेहऱ्यावर सगळं उलटं, मुरूम फोडला की खड्डा पडतो. दाबलं की पू आतच फुटतो, सूज खोलवर जाते आणि व्रण कायमचा. त्यातही नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण तर अजिबात दाबू नका. तिथल्या शिरांचा संबंध थेट मेंदूजवळच्या शिरांशी आहे. तिथला जंतुसंसर्ग क्वचितच, पण जिवावर बेततो.

आता सिरीयस: ती ‘गोरं करणारी’ ट्यूब

सगळ्यात महत्त्वाचं आता. गोरं व्हायला, मुरूम घालवायला म्हणून मेडिकलमधून आणलेल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस चेहरा चकाकतो. मग? त्वचा पातळ, लाल, केसाळ आणि मुरमांचं नवं पीक! देशभरातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले, २०११ चा अभ्यास. त्यांतले ४३३ जण स्टेरॉइड क्रीम लावत होते आणि निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने दिलेलंच नव्हतं. सर्वाधिक दिसलेला दुष्परिणाम कोणता? मुरूमच! २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासॉन, मोमेटासॉन यांपैकी काही लिहिलंय? मग ती स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावत राहू नका. फार दिवस लावली असेल तर एकदम सोडल्यावर चेहरा भडकतो, म्हणून तीच ट्यूब हातात घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

मग लागू काय पडतं?

बेंझॉइल पेरॉक्साइड बॅक्टेरियाला गप्प करतं. ॲडापलीनसारखे रेटिनॉइड बूच होऊच देत नाहीत. सॅलिसिलिक ॲसिड छिद्र मोकळं करतं. हट्टी, खोल गाठींसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, अमेरिकेत १९८२ पासून मान्यता मिळालेल्या. जबरदस्त गुणकारी, पण गरोदरपणात घेतल्या तर बाळात गंभीर व्यंग होतं. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नावही काढू नका. कुठलाही उपचार घ्या, रिझल्ट दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे तिथेच हरतात.

शेवटचा स्टॉप, जामखेड!

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावातल्या बायकांनी, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं शास्त्र शिकून घेतलं आणि घरोघरी पोचवलं. जगभरातून लोक ते बघायला आले, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खरी माहिती एका शेजारणीने दुसरीला सांगितली, तरी आरोग्य सुधारतं, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवलं.

मग आपणही तेच करू या! तुमच्या घरात, वाड्यात, वर्गात एखादी मुलगी फोटोत मागे लपत असेल, एखादा मुलगा मास्क काढत नसेल, तर त्यांना ‘तोंड धुत जा’ म्हणू नका. मुरूम ही त्यांची चूक नाही, हे सांगा. लोणीच्या मेडिकल कॉलेजात १९८४ पासून डॉक्टर घडताहेत, सरकारी रुग्णालयांतही त्वचेची तपासणी होते. त्यांना तिथे घेऊन जा, सोबत बसा आणि बारा आठवडे धीर द्या. मुरूम बरे होतात, वेळेत दाखवले तर डागांची शक्यताही कमी होते. तेव्हा दाबू नका, लपवू नका, दाखवा!